पेरू : कुस्को शहर नीट बघायचं असेल तर ते सहलीच्या शेवटी ठेवा

खडकवाट :

पेरूच्या सहलींचे कार्यक्रम बघितले तर जवळपास सगळे एकाच साच्यातले दिसतात. लिमाहून सकाळचं विमान, दुपारी कुस्कोचं शहरदर्शन, दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी, माचू पिक्चू, परत कुस्को आणि लगेच परतीचं विमान. यात कुस्कोच्या वाट्याला येणारी दुपार ही अख्ख्या सहलीतली सगळ्यात वाईट दुपार असते. लिमा समुद्रकाठी, कुस्को ३४०० मीटरवर आणि मध्ये फक्त सव्वा तासाचं उड्डाण. शरीराला काय झालंय हे कळायच्या आत माणूस सूर्यमंदिराच्या भिंतीपुढे उभा असतो आणि लक्ष सगळं ठणकणाऱ्या डोक्याकडे.

माझं म्हणणं, हा क्रम उलटा करा. विमानतळावरून कुस्कोत न थांबता थेट खाली उरुबांबा नदीच्या खोऱ्यात उतरा. ओयांतायतांबो गाव २८०० मीटरच्या आसपास आहे, गाडीने साधारण दोन तास. पहिल्या रात्री तिथे काढा. माचू पिक्चूची रेल्वे तिथूनच सुटते, आणि माचू पिक्चू तर आणखी खाली, २४३० मीटरवर. ते झालं की मग कुस्कोला चढा आणि तिथे किमान तीन रात्री राहा.

प्रकृतीसाठी हे बरं, हे उघडच आहे. पण माझं मुख्य कारण वेगळं आहे. कुस्को हे थरांचं शहर आहे: खाली इंकांचं, त्याच्या डोक्यावर त्यांना जिंकणाऱ्या स्पॅनिशांचं. ओयांतायतांबोला आणि माचू पिक्चूला इंका बांधकाम मोकळं बघायला मिळतं, त्यावर कोणी काही चढवलेलं नाही. आत कललेल्या भिंती, वर निमुळते होत जाणारे दरवाजे आणि कोनाडे, चुन्याशिवाय बसवलेले दगड. दोन-तीन दिवस हे बघून डोळा तयार झाला, की कुस्कोच्या गल्लीत शिरल्यावर भिंतीतला कोणता भाग कुणाचा हे वाटाड्याला विचारावं लागत नाही.

मुख्य चौकातून लोरेतो नावाची अरुंद गल्ली कोरिकांचाच्या दिशेने जाते. तिच्या दोन्ही बाजूंना इंकाकालीन भिंती आहेत. एका बाजूला आक्यावासी, म्हणजे सूर्याच्या सेवेसाठी निवडलेल्या स्त्रियांचं निवासस्थान होतं. स्पॅनिशांनी त्यावर सांता कातालिना हा जोगिणींचा मठ बांधला. दुसऱ्या बाजूला राजवाड्याची जागा, तिच्यावर जेझुइटांचं चर्च उभं राहिलं. गल्लीत सकाळी सातच्या सुमारास जा. पर्यटक नसतात, शाळेत जाणारी मुलं असतात. दोन दगडांच्या सांध्यावरून बोट फिरवलं तर नुसता एक बारीक खाच जाणवतो.

आता कोरिकांचा. हे इंकांचं सगळ्यात पवित्र सूर्यमंदिर. भिंतींना सोन्याचे पत्रे होते. स्पॅनिशांच्या कैदेतल्या अताउआल्पा या इंका राजाच्या खंडणीसाठी १५३३ मध्ये ते उचकटून काहामार्काला नेले गेले. मंदिराची जागा दोमिनिकन साधूंना मिळाली आणि त्यांनी त्यावर सान्तो दोमिंगोचा मठ उभारला. मे १९५० मध्ये मोठा भूकंप झाला, मठाचा बराच भाग कोसळला, आणि गिलाव्यामागे दडलेल्या इंका खोल्या बाहेर आल्या. इंका भिंती मात्र जागच्या जागी होत्या. १६५० च्या भूकंपातही शहराची अशीच पडझड झाली होती. आत गेलात की मठाच्या कमानींखालून चालत चालत त्या खोल्यांत पोचता. राखाडी अँडेसाइट दगडाच्या त्या खोल्यांत नक्षी नाही, मूर्ती नाही. एका ओळीत आलेले कोनाडे, खिडक्या आणि त्यांतून आरपार जाणारा उजेड. मला अख्ख्या पेरूत सगळ्यात जास्त काय भावलं असं कुणी विचारलं तर मी या खोल्या सांगेन, माचू पिक्चू नाही.

बाहेरून, बागेच्या बाजूने, मंदिराची प्रसिद्ध वक्र भिंत दिसते. संध्याकाळचं ऊन तिच्यावर येतं तेव्हा तिथे बसावं.

हातुन रुमियोक गल्लीतला बारा कोनांचा दगड सगळ्यांना माहीत असतो. इंका रोका या राजाच्या वाड्याची ती भिंत, वर आता आर्चबिशपचा वाडा. २०२५ च्या फेब्रुवारीत एका माणसाने हातोड्याने त्या दगडाचे टवके उडवले. ते वाचून फार वाईट वाटलं. दगडापुढे फोटोसाठी रांग असते, पण भिंतीचं उरलेलं अंग तितकंच देखणं आहे आणि तिथे कुणीही थांबत नाही. थांबा.

मुख्य चौक, म्हणजे प्लासा दे आर्मास, सुंदर आहे, कारंजं आहे, लाकडी सज्जे आहेत. पण त्याची दुसरी बाजूही माहीत असावी. शेवटचा इंका राजा तुपाक अमारू याचा शिरच्छेद १५७२ मध्ये याच चौकात झाला. त्याचंच नाव घेऊन स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठलेल्या दुसऱ्या तुपाक अमारूला आणि त्याची पत्नी मिकाएला बास्तिदास हिला १७८१ मध्ये इथेच मारलं. मिकाएला त्या उठावाची रसद आणि माणसं सांभाळणारी होती. तिचं नाव वाटाडे घाईत गाळतात, ते गाळलं जाऊ नये.

कॅथेड्रलमध्ये फोटो काढू देत नाहीत. आत मार्कोस सापाताचं 'शेवटचं भोजन' हे अठराव्या शतकातलं चित्र शोधा. येशूपुढच्या ताटात कुई आहे, म्हणजे अँडीजमध्ये खाल्ला जाणारा गिनीपिग.

साक्सायवामान शहराच्या डोक्यावर, ३७०० मीटरच्या आसपास आहे. तिथे चढत जाऊ नका. टॅक्सीने आणखी वर तांबोमाचायपर्यंत जा आणि उतरत या: तांबोमाचायचे झरे, पुका पुकारा, केन्कोची कोरलेली शिळा आणि तिच्या पोटातली थंडगार खोली, मग साक्सायवामान. सात-आठ किलोमीटर होतात, पण उतार आहे. साक्सायवामानच्या दातेरी भिंती तीन टप्प्यांत एकावर एक चढत जातात. सगळ्यात मोठ्या चुनखडी दगडाचं वजन १०० टनांच्या वर असावं असा अंदाज आहे. आणि हे लक्षात घ्या की आपण बघतो तो उरलेला भाग आहे. १५३६ मध्ये मांको इंका या राजाने इथून शहराला वेढा घातला होता. तो मोडल्यावर स्पॅनिशांनी इथले हलवता येतील तेवढे दगड नेऊन खाली चर्चं आणि घरं बांधली. जे हलले नाहीत ते राहिले. त्यामुळे साक्सायवामान बघितल्यानंतर खाली कॅथेड्रलकडे नजर गेली की हे चर्च कुठून आलं ते कळतं.

सान ब्लासच्या चढाच्या गल्ल्या, कारागिरांची दुकानं, तिथल्या चर्चमधलं कोरीव लाकडी व्यासपीठ, हे सगळं एका संध्याकाळी होतं.

तिकिटांचं : 'बोलेतो तुरिस्तिको' हे एकत्रित तिकीट परदेशी प्रवाशांना १३० सोलला मिळतं, १० दिवस चालतं. त्यात साक्सायवामान, केन्को, पिसाक, ओयांतायतांबो, चिंचेरो, मोराय, तिपोन आणि काही संग्रहालयं येतात. कोरिकांचा आणि कॅथेड्रलची तिकिटं वेगळी. मारासची मिठागरंही यात नाहीत. दर बदलतात, जाण्याआधी बघून घ्या.

जाऊन आलेल्यांनी भर घालावी. आईवडिलांना घेऊन गेलेल्यांचे अनुभव विशेष हवे आहेत, खूप जण तेच विचारतात.

निशिगंध_न्यूजर्सी :

खडकवाट ताई, क्रमाबद्दल पूर्ण सहमत. आम्ही आईबाबांना घेऊन गेलो होतो, दोघंही सत्तरीच्या आसपास. उरुबांबात आधी राहिलो, त्यामुळे कुस्कोत दोघांना फक्त धाप लागली, बाकी काही नाही. पहिला दिवस आईने हॉटेलच्या अंगणातून समोरचा बर्फाचा डोंगर बघत नुसतं बसून काढला आणि ती त्यावरही खूश होती.

ज्येष्ठांसाठी दोन गोष्टी. कुस्कोचे रस्ते गोट्यांच्या फरसबंदीचे आहेत, पावसात निसरडे होतात. हॉटेल सान ब्लासच्या चढावर घेऊ नका, मुख्य चौक आणि कोरिकांचा यांच्या मधल्या सपाट भागात घ्या. तिथून दोन्ही ठिकाणी चालत जाता येतं. आणि ओयांतायतांबोच्या अवशेषांवर सरळ उभ्या पायऱ्या आहेत. बाबा खालीच थांबले आणि गावात फिरले. गावाची आखणी इंकांच्या काळातली, घरांमध्ये लोक राहतात, गल्लीतून दगडी पन्हाळीतून पाणी वाहत असतं. त्यांना वर चढल्यापेक्षा तेच जास्त आवडलं असावं, संध्याकाळभर त्याबद्दलच बोलत होते.

व्हिसाचं : भारतीय पारपत्रावर अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, ऑस्ट्रेलिया किंवा शेंगेनचा किमान सहा महिने वैध व्हिसा असेल, किंवा तिथला कायम वास्तव्याचा परवाना असेल, तर पर्यटनासाठी पेरूचा वेगळा व्हिसा लागत नाही. आईबाबांना त्यांच्या अमेरिकेच्या व्हिसावर प्रवेश मिळाला. तरी तिकीट काढण्याआधी वकिलातीकडून ताजा नियम तपासाच.

डॉक्टरकाका :

उंचीच्या त्रासाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण लोक याला फार हलकं घेतात.

३४०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश असतो. प्राणवायूचं प्रमाण तेच, पण प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. शरीर श्वास वाढवून जुळवून घेतं, त्याला दोन-तीन दिवस लागतात. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं, भूक मरणं ही सुरुवातीची लक्षणं. पेरूत याला 'सोरोचे' म्हणतात. तुम्ही किती तंदुरुस्त आहात याच्याशी त्याचा फारसा संबंध नसतो. नियमित पळणारा तरुण आडवा होतो आणि त्याची आजी मजेत असते, असं घडतं. लेहला विमानाने गेलेल्यांना हे माहीत असेल, दोन्ही शहरांची उंची जवळपास सारखी आहे. लेहला त्रास झाला असेल तर इथेही होईल असं धरून चाला.

असिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, चढण्याच्या आदल्या दिवसापासून घेतात. पण सल्फाची ॲलर्जी, मूत्रपिंडाचे विकार, चालू असलेली इतर औषधं, हे सगळं बघून तुमच्या डॉक्टरांनी ठरवायला हवं. शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका. पहिले दोन दिवस मद्य नको, झोपेच्या गोळ्या नकोत, पोटभर जेवण नको, पाणी भरपूर.

आणि ही लक्षणं आली तर वाट बघत बसायचं नाही, त्याच वेळी खाली उतरायचं : बसल्या जागी धाप लागणं, चालताना तोल जाणं, बोलण्यात गोंधळ, थांबत नसलेला खोकला. हॉटेलात प्राणवायूची नळकांडी असतात, त्यांनी तात्पुरतं बरं वाटतं. त्यावर विसंबून वर राहू नये.

कोकाच्या पानांचा चहा पेरूत कायदेशीर आहे, सगळीकडे मिळतो, बरं वाटतं असं पुष्कळजण सांगतात. पण ती पानं किंवा चहाच्या पुड्या भारतात किंवा अमेरिकेत आणू नका, दोन्हीकडे बंदी आहे. नोकरीसाठी अमली पदार्थांची तपासणी होणार असेल त्यांनी तो चहाही टाळावा, तपासणीत सापडू शकतो.

कातळशोध :

धागा छान, पण क्रमाबद्दल माझं मत उलट आहे. कुस्को ही राजधानी होती. तावांतिनसुयु, म्हणजे चार दिशांचं राज्य, त्याचे चारही रस्ते याच चौकातून निघायचे. राजधानी न बघता आधी माचू पिक्चू बघणं म्हणजे पुस्तक मधूनच उघडणं झालं. माचू पिक्चू ही बहुधा पाचाकुती या राजाची दूरची वसाहत. तो कोण, त्याने कुस्को कसं नव्याने रचलं, हे आधी कळलं तर तिथल्या दगडांना अर्थ येतो.

दुसरं म्हणजे, भिंती बघताना मला सारखी सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या, चुन्याशिवाय रचलेल्या आपल्या देवळांची आठवण होत होती. तुलना करावी का?

खडकवाट :

कातळशोध, इतिहासाच्या क्रमाने तुमचं बरोबर आहे. मी डोळ्याच्या क्रमाने बोलते आहे. इतिहास आपण घरून वाचून जाऊ शकतो. गिलाव्याखालची भिंत ओळखण्याची सवय घरी बसून लागत नाही. शिवाय तुमच्या क्रमाने गेलं तर पाचाकुतीची गोष्ट ऐकताना माणसाचं डोकं दुखत असतं, हेही आहेच. वेळ असेल त्यांनी कुस्कोत आधी एक चौक-फेरी करावी आणि शेवटी परत यावं, पण शेवटच्या तीन रात्री सोडू नयेत.

देवळांशी तुलना करायला हरकत नाही, फरक लक्षात ठेवून. आपल्याकडे लोखंडी छिन्नी होती, दगड बहुतेक चौकोनी घडवून थरावर थर रचले आणि खाचाखुंट्यांनी जोडले. इंकांकडे लोखंड नव्हतं. साक्सायवामानमध्ये प्रत्येक दगडाचा आकार वेगळा, आणि शेजारच्याच्या आकाराप्रमाणे त्याला घडवलेलं. कोरिकांचातले दगड मात्र थरात आहेत, तुमची आठवण तिथे जास्त लागू पडेल.

प्रश्नचिन्ह :

लोखंड नव्हतं, चाक वापरात नव्हतं, आणि तरी १०० टनांचे दगड? मी काही चित्रफिती बघितल्या, त्यात म्हटलंय की दगड वितळवले असावेत किंवा इंकांच्या आधीच्या एखाद्या प्रगत संस्कृतीने हे केलं. तुम्हाला हे अगदीच अशक्य वाटतं का?

खडकवाट :

प्रश्न प्रामाणिक आहे म्हणून नीट उत्तर देते.

बर्कलीचे वास्तुशास्त्राचे प्राध्यापक जाँ-पिएर प्रोत्झेन यांनी १९८० च्या दशकात इंकांच्या खाणींवर काम केलं. तिथे त्यांना नदीतल्या गोट्यांसारखे कठीण दगडी हातोडे सापडले, जे मूळ त्या खाणीतले नव्हते, म्हणजे मुद्दाम आणलेले होते. तशाच हातोड्यांनी त्यांनी स्वतः अँडेसाइटचा एक दगड घडवून बघितला. मोठ्या हातोड्याने पृष्ठभाग, लहानाने कडा. काम अपेक्षेपेक्षा लवकर झालं. दगडावर जे बारीक खळगे उमटले तसेच खळगे कुस्कोच्या भिंतींवर दिसतात, आणि कडेला ते बारीक होत जातात. पुढच्या वेळी बाजूने ऊन पडलेलं असताना भिंत बघा, साध्या डोळ्यांना दिसतं.

वाहतुकीचंही तसंच. ओयांतायतांबोचे गुलाबी दगड नदीपलीकडच्या डोंगरावर काचिकाताच्या खाणीतून आले. खाणीतून निघालेले पण मंदिरापर्यंत न पोचलेले कितीतरी दगड वाटेवर अजून पडलेले आहेत. स्थानिक लोक त्यांना 'थकलेले दगड' म्हणतात. उताराची वाट, रस्सी, आणि राज्याला श्रमाच्या रूपाने कर देणारी हजारो माणसं. या पद्धतीला 'मिता' म्हणत.

हे कुणी बाहेरच्यांनी केलं असं म्हटलं की त्या माणसांचे हात आपण पुसून टाकतो. त्यांचे वंशज आजही तिथे केचुआ बोलतात, शेती करतात, बाजारात आपल्याला बटाटे विकतात. म्हणून मला हा मुद्दा महत्त्वाचा वाटतो.

प्रश्नचिन्ह :

खळग्यांचं माहीत नव्हतं. धन्यवाद, आता फोटो मोठे करून बघतोय आणि खरंच कडेला बारीक होत गेलेले दिसतात.

रानजाई :

शाकाहारी लोकांसाठी लिहिते, कारण या विषयावर सगळे 'तिथे काही मिळत नाही' एवढंच सांगतात. मिळतं, आणि चांगलं मिळतं. फक्त विचारायची पद्धत माहीत हवी. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको, पण एवढं म्हणून भागत नाही. कोंबडीला अनेकजण त्यात धरत नाहीत. 'सिन कार्ने, सिन पोयो, सिन पेस्कादो' असं तिन्ही सांगायचं. सूप मागवताना 'काल्दो' कशाचा आहे ते विचारायचं, भाजीच्या सुपाचं पाणीही बऱ्याचदा कोंबडीचं असतं.

किन्वाचं सूप, उकडलेल्या बटाट्यांवर चीज आणि मिरचीची पिवळी चटणी घातलेलं 'पापा आ ला वांकाइना', रस्त्यावर मिळणारं टपोऱ्या दाण्यांचं उकडलेलं कणीस आणि चीज, जांभळ्या मक्याचं गोड सरबत 'चिचा मोरादा'. खोऱ्यातल्या गावांत काठीला लाल पिशवी बांधलेलं घर दिसलं तर तिथे 'चिचा दे होरा' मिळते, ती आंबवलेली असते, हे लक्षात असू द्या.

सान पेद्रोच्या बाजारात मात्र वेळ काढून जा. एका ओळीत फळांचे रस करणाऱ्या बायका, पलीकडे बटाट्यांचे ढीग. काळे, जांभळे, गुलाबी, बोटांएवढे लांब, गाठीगाठींचे. चुन्यो नावाचे हलके, सुकवलेले बटाटे दिसतील. ते उंचावरच्या कडाक्याच्या थंडीत रात्री गोठवून, दिवसा उन्हात ठेवून, पायांनी तुडवून पाणी काढून वाळवतात, आणि ते वर्षानुवर्षं टिकतात. इंकांची कोठारं अशाच धान्याबटाट्यांनी भरलेली असायची. मग एका टपरीवर लाह्या दिसल्या आणि हातात घेतल्या तर राजगिराच! तिकडे त्याला किविचा म्हणतात, आपल्या राजगिऱ्याच्याच कुळातला. विचार करा, आपल्या उपासाच्या ताटातला बटाटा, रताळं, शेंगदाणा, राजगिरा, मिरची आणि ज्याच्यापासून साबुदाणा करतात तो कंद, सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. एकादशीला जे आपण भक्तीने खातो ते पिकवायला पहिल्यांदा शिकलेल्या लोकांच्या बाजारात मी उभी आहे, या विचाराने मला भरून आलं होतं. विकणाऱ्या आजींना आभार म्हणून 'सुलपायकी' म्हटलं, केचुआत, तर त्यांनी मूठभर जास्त घातल्या.

निशिगंध_न्यूजर्सी :

रानजाई, साबुदाण्याचं वाचून आईला लगेच फोन करून सांगितलं!

पुढचा_प्रवासी :

आम्ही जूनमध्ये जायचं ठरवतोय. तेव्हा इंती रायमी असतं ना? गर्दीमुळे टाळावं की मुद्दाम गाठावं? आणि माचू पिक्चूच्या तिकिटांचे नवे नियम कुणी सांगेल का?

सोनचाफा :

इंती रायमी २४ जूनला. सूर्याचा हा उत्सव स्पॅनिश काळात बंद पडला, १९४४ मध्ये नाट्यरूपात पुन्हा सुरू झाला. सकाळी कोरिकांचा, मग मुख्य चौक, मग साक्सायवामान. तिथल्या आसनांना तिकीट असतं, ते महाग आहे. सकाळचे दोन भाग तिकिटाशिवाय बघता येतात. देखणा सोहळा आहे, नक्की बघा.

पण माझा जीव कॉर्पुस क्रिस्तीवर जास्त आहे. ईस्टरनंतर साठ दिवसांनी येतो, म्हणजे बहुतेकदा जूनमध्येच. वेगवेगळ्या वस्त्यांच्या चर्चमधून पंधरा संत आणि देवमाता खांद्यावरून कॅथेड्रलमध्ये येतात, आठवडाभर तिथे मुक्काम करतात आणि मग वाजतगाजत आपापल्या घरी परततात. प्रत्येक वस्तीचा आपला संत, आपला बँड, आपले खांदेकरी. आपल्या ग्रामदेवतांच्या पालख्या एकमेकींना भेटायला याव्यात तसं वाटतं. इंकांच्या काळी याच चौकात आधीच्या राजांच्या ममी मिरवत आणत असत. स्पॅनिशांनी ममी बंद केल्या, त्या जागी संत आणले. चौक तोच, खांद्यावरून मिरवणं तेच. हा काही पर्यटकांसाठी केलेला कार्यक्रम नाही, तिथल्या लोकांचा सण आहे, म्हणून कॅमेरा जरा मागे ठेवून बघावा.

जून-जुलैत आकाश निरभ्र असतं पण रात्री पारा शून्याजवळ जातो, आणि साध्या हॉटेलांत खोली गरम करायची सोय नसते. लोकरी कपडे हवेतच. दुपारी मात्र ऊन भाजतं, टोपी विसरू नका.

खडकवाट :

सोनचाफा, फार छान लिहिलंत. कॉर्पुस क्रिस्तीबद्दल मी मूळ लेखात लिहायला हवं होतं असं वाटावं इतकं छान.

पुढचा_प्रवासी, माचू पिक्चूचं सांगते. २०२४ पासून आत तीन मुख्य मार्ग आहेत, त्यांचे पुढे उपमार्ग. तिकीट काढतानाच मार्ग आणि वेळ निवडावी लागते, आत गेल्यावर बदलता येत नाही. पोस्टकार्डावर असतो तो वरून दिसणारा देखावा आणि शहराची फेरी, दोन्ही हवं असेल तर दुसरा मार्ग. पहिला मार्ग मुख्यतः वरच्या देखाव्याचा. तिसरा खालच्या भागातून जातो, चढ कमी आहे, गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना तो बरा, पण तो वरचा देखावा त्यात नाही. जूनचं तिकीट काही महिने आधी संस्कृती मंत्रालयाच्या अधिकृत संकेतस्थळावरून काढा, पेरूत पोचल्यावर बघू असं ठेवू नका. मूळ पारपत्र जवळ लागतं. रेल्वेत मोठी बॅग नेता येत नाही, ती ओयांतायतांबोच्या हॉटेलात ठेवून जा. ही आणखी एक सोय, आधी खोऱ्यात राहण्याची.

आणि परत कुस्कोत आल्यावर कासा कोंचा या संग्रहालयात जा. अमेरिकी संशोधक हायरम बिंगहॅमने १९११ नंतर माचू पिक्चूहून अमेरिकेत येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू शंभर वर्षांनी परत आल्या, त्या तिथे आहेत. मातीची भांडी, हाडांच्या सुया, कांस्याच्या टाचण्या. माचू पिक्चूला आपण रिकामी घरं बघून येतो. त्या घरांतला संसार इथे आहे. माचू पिक्चू आधी बघून आल्याशिवाय या दालनांची खरी किंमत कळत नाही, त्यामुळे कातळशोध, माझ्या बाजूने हा एक मुद्दा वाढला.

कातळशोध :

मान्य. कासा कोंचासाठी तरी कुस्कोत शेवटी परत यायला हवं.

डॉक्टरकाका :

एक राहिलं. भारतात परतणाऱ्यांसाठी पिवळ्या तापाची लस. कुस्को शहरात हा आजार नसला तरी पेरू देश भारताच्या यादीत आहे, त्यामुळे परतताना लसीचं पिवळं प्रमाणपत्र मागतात. नसेल तर विलगीकरणात ठेवू शकतात. लस किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते आणि ठरावीक सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, मुंबईत आहेत, आधी वेळ घ्यावी लागते. साठीपुढच्यांना या लसीचे गंभीर दुष्परिणाम होण्याचा धोका थोडा जास्त असतो, म्हणून ज्येष्ठांनी आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय घेऊ नये.

पुढचा_प्रवासी :

सगळ्यांचे मनापासून आभार, कार्यक्रम पूर्ण बदलतोय. शेवटचा प्रश्न : इंद्रधनुष्य डोंगर, विनिकुंका, करावा का? बरोबर सासूबाई आहेत, वय ६४, चालायची सवय आहे.

डॉक्टरकाका :

५००० मीटरच्या वर आहे. सासूबाईंसाठी मी नको म्हणेन. तुम्ही दोघं जाणार असाल तर सहलीच्या अगदी शेवटी, आणि डोकं जरा जरी दुखत असेल तर त्या दिवशी नाही.

खडकवाट :

काकांशी सहमत. त्या दिवशी त्याऐवजी तिघं मिळून तिपोनला जा. कुस्कोच्या आग्नेयेला, गाडीने तासाभराच्या आत. इंकांची पायऱ्यापायऱ्यांची शेतं आणि त्यांतून दगडी पाटांनी खेळवलेलं पाणी, ते पाट आजही वाहते आहेत. गर्दी जवळपास नसते. गाडी वरपर्यंत जाते, सासूबाईंना खालच्या दोन-तीन पायऱ्या आरामात फिरता येतील. त्याच रस्त्यावर पुढे पिकियाक्ता आहे, ते इंकांच्याही कित्येक शतकं आधीचं वारी लोकांचं शहर. दोन्ही त्याच बोलेतोत येतात. टॅक्सी अर्ध्या दिवसासाठी ठरवा, भाडं निघण्याआधीच ठरवून घ्या, आणि जेवण बरोबर ठेवा. तिपोन गावातली खानावळं कुईसाठीच प्रसिद्ध आहेत.